पाठ येतें, पण ओळखतां येत नाहीं

उमरगा तालुक्यांतील एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. पत्र लांब आहे, आणि रात्रीं घरांत निजानीज झाल्यावर लिहिलेलें दिसतें. कारण शेवटीं शेवटीं अक्षर वांकडें होत गेलें आहे. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलींत. एकापासून शंभरापर्यंत एका दमांत म्हणतो. परंतु पाटीवर ६ काढून ‘हा कोणता?’ म्हणून विचारलें तर ‘तीन’ म्हणतो, ९ दाखविला तर ‘एक’ म्हणतो, आणि फार दटावलें कीं तोंडास येईल तो आंकडा सांगून मोकळा होतो. घर मोठें आहे. सासरे जन्मभर हिशेबाच्या कामांत मुरलेले, मोठे दीर बँकेंत. जावेची मुलगी याच्याच वयाची, तिला पांचापर्यंतचे पाढे येतात. पंगतीस बसलें कीं दोघांची परीक्षा होते, व मग काय होतें तें सांगावयास नको. ‘आमच्या घराण्यांत असें कोणी नव्हतें, हें आजोळचें असावें,’ असें सासूबाई एकदां बोलून गेल्या. बाईंनीं आम्हांस तीन प्रश्न विचारले आहेत: मुलाच्या बुद्धींत कांहीं उणें आहे काय? शाळा पालटून इंग्रजी शाळेंत घातल्यास सुधारेल काय? कीं शिकविण्यांत माझेंच चुकतें?

या पत्रास खासगी उत्तर धाडून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु अशा आशयाचीं पत्रें वर्षांतून पांच-सहा तरी येतात, आणि लिहिणारी बहुधा आईच असते. वडील लिहीत नाहींत, आजोबा तर नाहींतच. म्हणून हें उत्तर सर्व घराच्या कानीं पडेल अशा ठिकाणीं देत आहों. आमचा अधिकार मोठा नाहीं. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, त्यापुढें पाठशाळेंतील थोडें संस्कृत, आणि धाराशिव जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून घालविलेलीं पस्तीस वर्षें, एवढीच काय ती शिदोरी.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. शंभरापर्यंत धडाधड म्हणणें म्हणजे अंक येणें नव्हे. नुकतीच मुंज झालेला बटु संध्येचे मंत्र न अडखळतां म्हणतो, म्हणून त्यास त्यांचा अन्वय लागला असें आपण मानीत नाहीं. तो नादाच्या आधारानें चालतो. मध्येंच एक शब्द धरून ‘याच्या पुढचें म्हण’ म्हटलें तर त्यास पुन्हां आरंभापासून यावें लागतें. या मुलाचेंहि तसेंच आहे. त्याच्या जिभेला शंभर नांवें पाठ आहेत. डोळ्यांस मात्र त्यांपैकीं फार थोड्यांची ओळख आहे.

एका अंकांत मुलाला तीन निरनिराळ्या गोष्टी शिकावयाच्या असतात, आणि आपण मोठीं माणसें त्या एकच समजतों. पहिली गोष्ट संख्या, म्हणजे ताटांत पांच पुऱ्या आहेत हें कळणें. दुसरी तिचें नांव, म्हणजे ‘पांच’ हा ध्वनि. तिसरी तिचें चिन्ह, म्हणजे ५ ही आकृति. या तिहींचा एकमेकींशीं स्वाभाविक असा कांहींच संबंध नाहीं. तो माणसांनीं ठरविलेला आहे व प्रत्येक मुलाला तो नव्यानें जोडावा लागतो. आपल्या जिल्ह्याचेंच पाहा. २०२३ सालीं त्याचें नांव उस्मानाबादचें धाराशिव झालें. कचेऱ्यांच्या पाट्या पालटल्या, मोटारींच्या पाट्या पालटल्या. परंतु गांव, रस्ते, माणसें तींच राहिलीं. कित्येक महिने पाटीवर एक नांव, जिभेवर दुसरें, अशी आपणां जाणत्यांची त्रेधा उडत होती. सहा वर्षांच्या मुलाच्या जगांत एकाच वर्षीं अशीं शंभर गांवें येतात.

तेव्हां घरच्यांनीं पहिलें काम करावयाचें तें हें, कीं या तिहींपैकीं नेमकी कोणती गांठ सुटली आहे तें शोधून काढावें. त्यास दहा सुट्या कवड्या पुरतात. तुळजापूरची वारी असलेल्या घरांत कवड्या सांपडतातच. नसल्या तर चिंचोके घ्यावे. मुलापुढें कवड्यांची रास ठेवून ‘मला चार दे’ म्हणावें. त्यानें मोजून चार दिल्या व थांबला, तर संख्या आणि नांव यांची गांठ पक्की आहे. मूठभर उचलून दिल्या, किंवा मोजतां मोजतां सात-आठावर गेला, तर ती गांठच बसलेली नाहीं, आणि त्यास पाटीवरील आंकडे विचारणें म्हणजे पाया खणण्यापूर्वीं भिंत चढविणें आहे. मग पांच कवड्या मांडून त्याजकडून मोजवाव्या व लगेच विचारावें, ‘एकंदर किती?’ कित्येक मुलें पुन्हां एकापासून मोजूं लागतात. शेवटीं उच्चारलेलें नांव हीच साऱ्या राशीची संख्या होय, हें त्यांस अजून उमजलेलें नसतें. ही गोष्ट सांगून कळत नाहीं. पुष्कळदां मोजून एके दिवशीं आपोआप कळते.

एवढें बरोबर आलें तर तिसरी परीक्षा. कागदाच्या तुकड्यांवर १ ते ९ आंकडे ठळक काढावे, आणि ‘हा कोणता?’ असें न विचारतां ‘सहा कोठें आहे?’ असें विचारावें. नांव ऐकून आकृति निवडणें सोपें. आकृति पाहून नांव आठवणें अवघड. जो मुलगा पहिलें करूं शकतो व दुसरें नाहीं, तो अर्धी वाट चालून आला आहे. त्यास ‘कांहीं येत नाहीं’ म्हणणें खोटें तर आहेच, शिवाय त्यानें चाललेली अर्धी वाट पुसून टाकणारें आहे.

हें आम्ही आज शहाणपणानें लिहीत आहों. पण हें शहाणपण आम्हांस वेळेवर आलें नाहीं, तें येथें कबूल केलें पाहिजे. नोकरीच्या आरंभींचीं वर्षें होतीं, सुमारें चाळीस वर्षांपूर्वींचीं. शेळ्या राखणाऱ्या घरचा एक मुलगा आमच्या वर्गांत होता. त्यास ३ आणि ६ यांतील भेद कळत नसे. आम्हीं त्यास फळ्याजवळ उभें करून तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारला, कान पिळले, आणि एके दिवशीं तर ‘हा उलट्या डोक्याचा’ असें बोलून गेलों. वर्ग हंसला. त्याला तेंच नांव पडलें. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. हजेरीपटावर आम्हीं त्याचें नांव नियमाप्रमाणें कमी केलें, व त्या रात्रीं आमच्या जेवणांत कांहीं कमी पडलें नाहीं.

पुढें बऱ्याच वर्षांनीं आठवड्याच्या बाजारांत तो दिसला. शेळ्यांचा व्यापार करीत होता. आपल्या भागाची उस्मानाबादी शेळी दूरदूर नांवाजलेली. गिऱ्हाईक बाहेरगांवचें होतें. ‘तीन इसा अन् सात’ असें म्हणून त्यानें कळप मोजला, म्हणजे सदुसष्ट. आणि दर नगाला अमुक तर एकंदर किती, हें आम्ही मनांत मांडीपर्यंत त्याचें उत्तर सांगून झालें होतें. आम्हांस पाहतांच तो पायां पडला. मग खिशांतून एक चिठ्ठी काढून म्हणाला, ‘गुरुजी, यावरला फोन नंबर तेवढा वाचून सांगा.’ आम्हीं वाचून दाखविला. त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. त्याला खरोखरच वाचतां येत नव्हतें. संख्या त्याला आमच्याहून चांगली येत होती. चिन्ह तेवढें राहिलें होतें, आणि तें आमच्या वर्गांत राहिलें होतें.

आतां चिन्हांविषयीं. देवनागरी ३ व ६ हे जणूं आरशांतले भाऊ आहेत. १ व ९ यांचेंहि नातें जवळचें. मुलाला यांत घोटाळा कां होतो? कारण आजवरचा त्याचा अनुभव असा, कीं वस्तूचें तोंड फिरलें म्हणून वस्तु पालटत नाहीं. गाय डावीकडे तोंड करून उभी असो कीं उजवीकडे, ती गायच. कपाचा कान या बाजूस असो कीं त्या, तो कपच. सबंध जगांत अक्षरें व अंक यांच्याच प्रांतीं हा नियम मोडतो, आणि तो मोडतो हें मुलाला कोणीं सांगितलेलें नसतें. सहा वर्षांच्या मुलानें आंकडा उलटा काढणें किंवा उलटा वाचणें ही पुष्कळ मुलांत दिसणारी गोष्ट आहे. शिकतां शिकतां बहुतेकांची ती जाते.

आजच्या मुलाला दुसरीहि अडचण आहे. त्याच्या पाटीवर देवनागरी आंकडे, आणि घड्याळावर, फोनवर, नोटेवर व मोटारींवर बहुधा इंग्रजी. इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा, इंग्रजी चार आपल्या ५ सारखा, इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा दिसतो. सासरेबुवा ज्यास चूक म्हणतात ती पुष्कळदां दुसऱ्या लिपींतील बरोबर उत्तर असतें! आमचे तीर्थरूप निजामी अमलांत उर्दू शाळेंत शिकले. घरीं बाळबोध आंकडे व शाळेंत उर्दू; ते सांगत कीं, पाटीवर कोणता आंकडा काढावयाचा याचाच पहिलें वर्षभर घोळ होई. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थानाचा अंमल संपून शाळांची भाषा पालटली, तेव्हां वरच्या वर्गांतल्या मुलांनाहि नव्यानें गिरवावें लागलें. त्यांना कोणी मंदबुद्धि म्हटलें नाहीं, कारण अडचण सर्वांची होती. एकट्याची अडचण मात्र आपल्याला लगेच दोष वाटूं लागते. म्हणून आमचें सांगणें असें, कीं शाळेंत जी लिपि चालते तीच घरीं प्रथम पक्की करावी. दुसरी लिपि नजरेस पडली तर ‘हा इंग्रजी चार’ एवढेंच सांगून पुढें जावें. त्यावर परीक्षा घेऊं नये.

चिन्ह पक्कें होण्यास हाताची मदत घ्यावी. पूर्वीं पंतोजी पाटावर धूळ पसरून मुलाचें बोट धरून अक्षर गिरवून घेत. त्यासच आपण धुळाक्षरें म्हणतों. इटलीच्या मादाम माँटेसरी यांनीं खरखरीत कागदाचे आंकडे करून मुलांकडून बोटानें गिरवून घेण्याची रीति घातली. त्या १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या, पण त्यापूर्वींच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं भावनगरास त्यांच्या विचारांवर बालशिक्षणाचें काम सुरू केलें होतें. पुढें ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें व नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालविल्या, आणि महाग साधनांच्या जागीं खडे, पानें, बिया असें परिसरांतलें साहित्य वापरून दाखविलें. आपल्याकडे ज्वारीचें पीठ आहे. परातींत मूठभर पसरून रोज एक आंकडा बोटानें काढवावा. काढतांना तोंडानें नांव म्हणवावें. आणि काढून झाल्यावर तेवढ्याच कवड्या शेजारीं मांडवाव्या. संख्या, नांव, चिन्ह तिन्ही एका ठिकाणीं येतात. ३ व ६ एकाच दिवशीं कधींहि शिकवूं नयेत. ३ ची ओळख इतकी घट्ट होऊं द्यावी कीं झोंपेंतून उठवून विचारलें तरी सांगेल. मग आठ-पंधरा दिवसांनीं ६ आणावा. शून्य सर्वांच्या शेवटीं. कांहीं नसण्यालाहि चिन्ह असतें हें जगाला कळावयास फार काळ लागला. मुलाला दोन महिने लागले तर लागूं द्यावे.

एकापासून नवापर्यंतची मजल झाली म्हणजे खरा घाट लागतो, आणि त्यांत मुलाचा अपराध नसून आपल्या भाषेचा आहे. कन्नडमध्यें वीसाला इप्पत्तु व एकाला ओंदु म्हणतात. एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु. आधीं वीस, मग एक, आणि लिहितांनाहि २ आधीं, १ मागून. आपल्या उमरग्यापासून कर्नाटकची हद्द किती दूर? तेथील मूल जसें ऐकतें तसें लिहितें. मराठी मूल ‘एकवीस’ ऐकतें, म्हणजे एक आधीं ऐकतें, आणि लिहावयाचा असतो २ आधीं. तें १२ लिहितें, आणि आपण त्यास मारतों. ही रीति आपणांस संस्कृतांतून आली: एकविंशति, द्वाविंशति. अंकांची गति डावीकडे, असा जुन्या शास्त्रकारांचा संकेतच होता. शब्दांनीं संख्या सांगतांना ते एककापासून आरंभ करीत. जर्मन लोकहि एकक आधीं म्हणतात. त्यावर एकोणीस, एकोणतीस हे आहेतच. एकोन म्हणजे एकानें ऊन, एक कमी. पाटीवर १९ मध्यें ९ दिसतो, पण शब्दांत नऊ नाहीं व दहाहि नाहीं. दिसतो तो पुढचा वीस. हें एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत चालतें, आणि नव्याण्णवला येऊन नियम मोडतो. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांत ‘तीन’ शोधून काढण्यास व्युत्पत्ति यावी लागते. आम्हांस त्यांत आनंद वाटतो, कारण आम्ही संस्कृत शिकलों; पहिलीच्या मुलास तो कसा वाटावा?

हीच अडचण २०१९ सालीं महाराष्ट्रभर चर्चेस आली होती, तें वाचकांस स्मरत असेल. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस, त्रेसष्ट या नांवांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशीहि नांवें दिलीं गेलीं. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर या स्वतः गणिताच्या पंडिता होत्या. जोडाक्षरांच्या अवघड नांवांमुळें मुलें गणितालाच भितात, म्हणून सोपी वाट दाखवावी, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यावर वृत्तपत्रांतून थट्टा झाली, लोकांच्या आडनांवांवरून कोट्या झाल्या, विधिमंडळापर्यंत विषय गेला. भाषा बुडाली, असें म्हणणाऱ्यांत त्या वेळीं आम्हीहि होतों. २०२३ सालीं नारळीकरबाई वारल्या, तेव्हां तें सारें पुन्हां आठवलें, आणि आम्ही स्वस्थपणें विचार करूं लागलों.

विचारांतीं आम्हांस दिसलें तें असें. तो शेळ्यांचा व्यापारी ‘तीन इसा अन् सात’ म्हणत होता. मोठा गट आधीं, सुटे मागून. खेड्यांतील म्हाताऱ्या आजहि विसांनीं मोजतात, आणि त्यांची मराठी आपल्यापेक्षां जुनी असेल, नवी नाहीं. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे आपलीच उजळणी. ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ अशी ती आपण सर्व म्हणत आलों. पुढें ‘चारावर दोन बेचाळीस’, ‘पांचावर तीन त्रेपन्न’. यांत काय आहे? आधीं चिन्हें ज्या क्रमानें लिहावयाचीं त्या क्रमानें त्यांचीं नांवें, आणि मग संख्येचें रूढ नांव. पंतोजींनीं ही अडचण ओळखून तिच्यावर पूल बांधून ठेविला होता. आम्हीं तो पूल नुसता गाण्यासारखा म्हणवून घेतला. त्यावरून चालावयाचें असतें हें मुलांस दाखविलें नाहीं. रूढ नांवें टाकावीं असें आमचें मत नाहीं. बाजारांत व देवघरांत तींच चालतात, आणि आजीशीं नातवानें बोलावें तर तींच यावीं लागतात. परंतु नांवाआधीं वाट दाखविणें हें भाषा बुडविणें खास नव्हे, आणि त्या वेळीं आम्ही जें बोललों तें घाईचें होतें.

घरीं हें करावयाचें तें असें. ज्वारीच्या धाटाचे बोटभर तुकडे करावे किंवा झाडूच्या काड्या घ्याव्या. दहा-दहा काड्यांना दोरा बांधून जुड्या कराव्या; जुड्या मुलानेंच बांधाव्या. मग डाव्या हातास चार जुड्या व उजव्या हातास दोन सुट्या काड्या ठेवून, त्यांच्याखालीं तशाच जागीं ४ व २ लिहावे, आणि बोट फिरवीत म्हणावें: ‘चार जुड्या, दोन सुट्या; चाळीस आणि दोन; चारावर दोन बेचाळीस.’ मग दोन जुड्या व चार सुट्या मांडून चोवीस. दोन्ही राशी शेजारीं ठेविल्या म्हणजे २४ आणि ४२ एक नव्हेत, हें मुलाला डोळ्यांनीं दिसतें; सांगावें लागत नाहीं. रोज दोनच संख्या घ्याव्या. पंचवीसाला वेगळे श्रम नकोत. आपल्या जिल्ह्यांतील मोटारींच्या पाट्यांवर ‘एम एच’ पुढें तोच असतो, आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यांत मुलांना भारी गंमत वाटते.

खेळाचाहि उपयोग मोठा आहे. सीग्लर व रमाणी या अमेरिकेंतील दोघां संशोधकांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका ओळींत १ ते १० आंकडे लिहिलेल्या घरांचा पट. गरीब घरच्या लहान मुलांना तो पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत खेळविला. तेवढ्यानें आंकडे ओळखणें, मोजणें, लहानमोठें सांगणें सर्व सुधारलें, आणि दोन महिन्यांनंतर पाहिलें तरी तें टिकून होतें. ज्यांच्या पटावर आंकड्यांच्या जागीं नुसते रंग होते, त्यांना तो लाभ झाला नाहीं. यांतील खुबी ध्यानांत ठेवावी. सोंगटी पांचाच्या घरांत असून दोन घरें चालावयाचीं असतील तर मुलानें ‘एक, दोन’ म्हणावयाचें नाहीं. घरावर लिहिलेलें ‘सहा, सात’ म्हणावयाचें. आपल्या घरीं सापशिडी असतेच. पण शंभर घरांचा पट आरंभींच देऊं नये. पुठ्ठ्यावर दहा घरें आंखावीं, एक चिंचोका फोडून त्याच्या दोन डाळी कराव्या, व त्या टाकून दान घ्यावें: एक डाळ पांढरी पडली तर एक घर, दोन्ही पडल्या तर दोन, एकहि न पडली तर फिरून टाकावयाचें.

आतां घरच्या रीतीविषयीं थोडें. शिकविणारें माणूस एकच असावें. सकाळीं आजोबा, दुपारीं आत्या, रात्रीं वडील, प्रत्येकाची पद्धति वेगळी, असें झालें म्हणजे मुलाला गणिताआधीं माणसें ओळखावीं लागतात. वेळ दहा-पंधरा मिनिटांहून अधिक नसावी, आणि मुलाला आलेल्या गोष्टीवरच संपवावी. पाहुण्यांपुढें परीक्षा सर्वथैव वर्ज्य. चुलत भावंडांशीं तुलना त्याहून वर्ज्य. ती मुलीलाहि वाईट व मुलालाहि. चूक झाली तर ‘नाहीं’ म्हणूं नये. ‘मोजून पाहूं’ म्हणावें. मोजतां मोजतां मुलगा आपली चूक आपणच पकडतो, आणि स्वतः पकडलेली चूक त्यास लाज आणीत नाहीं. उरलेल्या मंडळींनीं शिकवूं नये, पण काम सांगावें. ‘सात पानें मांड’, ‘निरांजनाला पांच वाती आण’, ‘भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत आज कितवी तारीख तें बोट ठेवून दाखव’. एकत्र कुटुंबांत एवढी मोजामोज रोज चालते कीं, निराळी शाळा काढावी लागत नाहीं.

एवढें सर्व प्रेमानें व नियमानें सहा-आठ महिने करूनहि फरक न पडला तर? प्रथम मुलाचे डोळे व कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आमच्या पस्तीस वर्षांत ‘ढ’ ठरलेल्या कित्येकांस चष्मा लागला. त्यांत कांहीं न निघालें, आणि सात-आठ वर्षांचा झाला तरी दोन राशींतील मोठी कोणती हें कळेना, दहाच्या आंतील बेरजेसहि प्रत्येक वेळीं बोटें लागूं लागलीं, तर ज्यास डिस्कॅल्क्युलिया म्हणतात तसें कांहीं असूं शकेल. हा अंक समजण्यापुरताच असणारा जन्मजात अडसर आहे. तो आळस नव्हे, मूर्खपणाहि नव्हे. अशीं मुलें इतर विषयांत चांगलीं, कधीं कधीं उत्तमहि, असतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधींच्या २०१६ च्या कायद्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता म्हणून याचा स्पष्ट उल्लेख आहे, व त्यानुसार परीक्षेंत सवलतीहि मिळतात. त्यासाठीं बालरोगतज्ज्ञांस व शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावें. परंतु सहाव्या वर्षीं हें नांव मुलास घाईनें चिकटवूं नये. सरकारनें ५ जुलै २०२१ रोजीं आरंभिलेल्या ‘निपुण भारत’ योजनेंतहि वाचन व अंकज्ञान पक्कें होण्यास तिसरीच्या अखेरीपर्यंतची मुदत धरली आहे. सरकार तिसरीपर्यंत थांबावयास तयार आहे. घरच्यांनीं पहिलीच्या दिवाळीलाच निकाल कां लावावा?

आतां त्या भगिनीच्या तीन प्रश्नांस उत्तरें. मुलाच्या बुद्धींत उणें आहे असें आपल्या पत्रावरून मुळींच दिसत नाहीं. ६ ला तो ३ म्हणतो, वाटेल तें म्हणत नाहीं; म्हणजे तो आकृति पाहतो आहे, फक्त तिची बाजू त्याला अजून महत्त्वाची वाटत नाहीं. वाटेल तें तो म्हणतो तें दटावल्यावर, म्हणजे तें भीतीचें उत्तर आहे, गणिताचें नव्हे. शाळा पालटूं नये. आज त्यास एका लिपीचा घोटाळा आहे, उद्यां दोन लिपींचा व वर एका भाषेचा होईल. आणि आपलें चुकत असेल तर एवढेंच, कीं आपण हें ओझें एकटीनें उचललें आहे.

शेवटची विनंती त्या घरच्या सासरेबुवांस आहे. आपली ओळख नाहीं, पण आपण साधारण एका वयाचे व एका पठडींतले असूं. आपण जन्मभर हिशेब ठेविले. एक महिनाभर रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर नातवाला जवळ घ्यावें, पुढ्यांत दहा कवड्या ठेवाव्या, आणि त्यास कांहींएक न विचारतां, आपणच त्याला विचारूं द्यावें. त्यानें ‘आजोबा, चार द्या’ म्हणावें व आपण मोजून द्याव्या. एखादे वेळीं मुद्दाम पांच द्याव्या. तो आपली चूक पकडील त्या दिवशीं आम्हांस एक कार्ड टाकावें. आम्ही वाट पाहूं.